जँगोच्या मॉडेल क्लासला स्वतःची मेटा-माहिती कशी जोडावी?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. सहकारी पतसंस्थांसाठी लिहिलेली एक वेब-प्रणाली आमचा गट सांभाळतो. ती जँगो ४.२ (पायथनमधली वेब-चौकट) आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते. सभासद, वारसदार, ठेव, कर्जअर्ज, जामीनदार, शाखा, सुट्ट्यांचे कॅलेंडर अशी चाळीसएक मॉडेल्स, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यांचे वर्णन करणारे क्लास, त्यात निरनिराळ्या ॲप्समध्ये विभागलेली आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाल्यापासून संस्थांचे संचालक आम्हाला काही रास्त प्रश्न विचारू लागले आहेत. कोणत्या तक्त्यात कोणत्या प्रकारची वैयक्तिक माहिती साठवली जाते, ती किती काळ ठेवायची आहे आणि तिची जबाबदारी कोणत्या विभागाकडे आहे, हे त्यांना हवे असते. आज ही सगळी माहिती एका स्प्रेडशीटमध्ये आहे. नवे मॉडेल लिहिणारा ती शीट उघडतोच असे नाही, त्यामुळे कोड आणि शीट यांच्यातले अंतर दर महिन्याला वाढत जाते.

म्हणून ही माहिती मॉडेलच्या शेजारीच, म्हणजे त्या क्लासमध्येच लिहिलेली असावी असे मला वाटते. प्रत्येक मॉडेलसाठी माहितीवर्ग, जतनकाल आणि जबाबदार विभाग अशा तीन गोष्टी पुरेशा आहेत. रोज रात्री चालणारी आमची एक कमांड त्या वाचून मुदत संपलेल्या नोंदींची यादी तयार करील, आणि संचालकांना द्यायचा अहवालही त्यांवरूनच निघेल.

मॉडेलच्या आतल्या ‘मेटा’ क्लासमध्ये आपण क्रमवारी, तक्त्याचे नाव, वाचनीय नाव वगैरे लिहितोच, तेव्हा जतनकालही तिथेच लिहावा असा पहिला विचार आला. तसे केल्यावर सर्व्हर सुरू होतानाच ‘क्लास मेटा’ला अवैध ॲट्रिब्यूट मिळाल्याचा टाइपएरर येतो. शोध घेतल्यावर तीन उपाय सुचवलेले दिसले. जँगोच्या ऑप्शन्स मॉड्यूलमधल्या ‘डीफॉल्ट_नेम्स’ या टपलमध्ये (न बदलता येणाऱ्या यादीत) आपले नाव घालावे, हा पहिला. नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर द्यावा, हा दुसरा. जँगोच्या मॉडेलबेसवरून स्वतःचा मेटाक्लास, म्हणजे क्लास घडवणारा क्लास, लिहावा, हा तिसरा. दुसऱ्या उपायाने त्रुटी जाते खरी, पण ते मूल्य नंतर ‘_मेटा’वर कुठेही सापडत नाही.

ही प्रणाली पुढची अनेक वर्षे चालणार आहे आणि जँगोच्या दीर्घकालीन आधाराच्या आवृत्त्यांबरोबर ती पुढे नेत राहावी लागेल, त्यामुळे आज चालणारा पण उद्या अडवणारा मार्ग मला नको आहे. एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या डेटाबेस-लायब्ररीमध्ये तक्त्याला आणि स्तंभाला ‘इन्फो’ नावाचा शब्दकोश अधिकृतपणे जोडता येतो. जँगोमध्ये तशी कोणती जागा आहे का? नसेल, तर अनुभवी मंडळी काय करतात?

मुळाक्षर (उत्तर)

अधिकृत जागा नाही. ती का नाही आणि त्या तीन उपायांपैकी प्रत्येकाचे पुढे काय होते हे सविस्तर सांगतो, कारण ते कळले की कोणता मार्ग टाळावा हे आपोआप स्पष्ट होते.

मॉडेलचा क्लास तयार होत असताना मॉडेलबेस हा मेटाक्लास त्याच्या ॲट्रिब्यूट्समधून ‘मेटा’ बाहेर काढून घेतो. त्या ‘मेटा’वरून ऑप्शन्स या क्लासची एक वस्तू बनवली जाते आणि ती ‘_मेटा’ या नावाने मॉडेलला जोडली जाते. म्हणजे आपण लिहिलेला ‘मेटा’ हा केवळ कच्चा माल असतो. काम झाल्यावर तो साध्या मॉडेलवर शिल्लक राहत नाही, फक्त ॲब्स्ट्रॅक्ट (स्वतःचा तक्ता नसलेल्या) मॉडेलवर तो पुन्हा ठेवला जातो, जेणेकरून उपवर्गांना त्यावरून वारसा घेता यावा. जँगो रेस्ट फ्रेमवर्कच्या सिरियलायझरमध्ये ‘मेटा’ हा क्लासवर तसाच राहतो आणि त्यात काहीही लिहून नंतर वाचता येते, त्यामुळे तिकडून येणाऱ्यांना मॉडेलकडूनही तीच अपेक्षा असते. मॉडेलचा ‘मेटा’ तसा वागत नाही.

ऑप्शन्सची वस्तू घडताना ‘मेटा’च्या स्वतःच्या शब्दकोशाची प्रत घेतली जाते. तिच्यातून अंडरस्कोरने सुरू होणारी सगळी नावे वगळली जातात. मग ‘डीफॉल्ट_नेम्स’मधली नावे एकेक करून उचलली जातात, आणि त्यानंतर काही उरले तर टाइपएरर दिला जातो. तुमच्या दुसऱ्या उपायात त्रुटी का आली नाही आणि मूल्य का सापडले नाही, याचे उत्तर या क्रमातच आहे: अंडरस्कोरचे नाव तपासले जात नाही, तसेच कुठे साठवलेही जात नाही. अशीच आणखी एक फट आहे. ‘मेटा’ने एखाद्या साध्या क्लासवरून वारसा घेतला आणि आपले ॲट्रिब्यूट त्या पालक क्लासमध्ये असले, तर ते ‘मेटा’च्या स्वतःच्या शब्दकोशात नसल्यामुळे तक्रार होत नाही, मात्र ते ‘_मेटा’वरही पोहोचत नाही. सर्व्हर निमूटपणे सुरू होतो आणि आपले काम झाले असा समज होतो, म्हणून ही फट मला अधिक धोक्याची वाटते.

आता पहिल्या उपायाविषयी. ‘डीफॉल्ट_नेम्स’मध्ये आपले नाव घातले की ‘_मेटा’वर जतनकाल खरोखरच मिळू लागतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. परंतु हे टपल केवळ ऑप्शन्स मॉड्यूल वापरत नाही, मायग्रेशनचे (मॉडेलमधले बदल डेटाबेसवर नेणाऱ्या फाइल्सचे) स्टेट मॉड्यूलही ते आयात करते, आणि मॉडेलच्या कोणत्या नोंदी मायग्रेशनच्या स्थितीत घ्यायच्या हे त्यावरून ठरवते. टपल बदलता येत नसल्याने आपण त्या नावाला नवे टपल जोडतो, त्यामुळे स्टेट मॉड्यूल आपल्या बदलाच्या आधी आयात झाले की नंतर, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते. कंटेंटटाइप्स हे जँगोचे ॲप आपली ॲप्स फाइल वाचली जातानाच मायग्रेशनचे मॉड्यूल आयात करते. त्यामुळे तुमचा बदल एखाद्या मॉडेल्स फाइलमध्ये असेल तर स्टेट मॉड्यूलकडे जुने टपल राहते, आणि तोच बदल सेटिंग्जमध्ये, किंवा यादीत कंटेंटटाइप्सच्या आधी असलेल्या ॲपच्या आरंभीच्या फाइलमध्ये केला तर त्याच्याकडे नवे टपल जाते. एकाच ओळीची जागा बदलल्याने मायग्रेशनचे वर्तन बदलावे, ही गोष्ट चाळीस मॉडेल्सच्या प्रणालीत मला मान्य होण्यासारखी नाही.

समजा नवे टपल पोहोचले. मग यापुढे तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलच्या ‘क्रिएटमॉडेल’ या क्रियेत, ऑप्शन्सच्या शब्दकोशात, तुमचा जतनकाल लिहिला जाईल. तो लिहिता यावा यासाठी त्याचे मूल्य मायग्रेशनच्या लेखकाला क्रमबद्ध करता आले पाहिजे, म्हणून तिथे लॅम्ब्डा ठेवता येणार नाही. पुढे तुम्ही ३६५ चे ७३० केले तर मात्र कोणतेही मायग्रेशन निघणार नाही, कारण बदललेले पर्याय शोधणारा भाग ‘ऑल्टरमॉडेलऑप्शन्स’मधली ठरावीक नावेच तपासतो आणि तुमचे नाव त्या यादीत नसते. याचा परिणाम असा की, जुन्या मॉडेल्सच्या मायग्रेशनमध्ये ते मूल्य नाही, नव्यांच्या आहे, आणि जिथे आहे तिथे ते शिळे आहे. सर्वांत वाईट भाग त्यापुढचा. कधी काळी हा उपाय काढून टाकायचे ठरवले, की जुन्या मायग्रेशन फाइल्समधले ते नाव पुन्हा ‘मेटा’कडे जाते आणि तोच टाइपएरर येतो. त्या वेळी जुन्या मायग्रेशन हाताने दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

तिसरा उपाय, म्हणजे स्वतःचा मेटाक्लास, याहून स्वच्छ आहे. ‘मेटा’तून आपली नावे आधीच काढून घ्यायची आणि उरलेला ‘मेटा’ मॉडेलबेसकडे सोपवायचा, एवढेच त्याचे काम, आणि मायग्रेशनला त्याची झळ लागत नाही. तरीही मी तो सुचवणार नाही. ज्या पायथन सोयीमुळे (‘__इनिट_सबक्लास__’) मेटाक्लासची गरजच उरत नाही ती ३.६ पासून उपलब्ध आहे, आणि स्वतःचा मेटाक्लास असलेले दुसरे एखादे पॅकेज वापरायला घेतले की दोन मेटाक्लासचा संघर्ष सोडवत बसावे लागते.

निशिगंध (उत्तर)

वरील विवेचनाशी मी पूर्णपणे सहमत आहे. प्रत्यक्षात काय करावे ते सांगते.

‘मेटा’ हा जँगोचा आहे. त्यात काय असावे हे जँगो ठरवतो, आणि प्रत्येक आवृत्तीत तिथे नवे नाव येऊ शकते. तुम्ही आज निवडलेले नाव उद्या जँगोने दुसऱ्या अर्थाने वापरले तर तुमचा कोणताही दोष नसताना संघर्ष उभा राहील. मॉडेल क्लासचे बाकीचे अंगण मात्र तुमचेच आहे. ज्या ॲट्रिब्यूटच्या मूल्याला ‘कॉन्ट्रिब्यूट_टू_क्लास’ ही मेथड नसते, ते मॉडेलबेस जसेच्या तसे क्लासवर ठेवतो, त्याला हात लावत नाही, आणि मायग्रेशनही त्याची दखल घेत नाही. म्हणून मॉडेलमध्ये ‘मेटा’च्या बाहेर ‘विदानोंद’ नावाचे एक साधे क्लास-ॲट्रिब्यूट ठेवावे. तुमची गरज एवढ्याने भागते.

त्या ॲट्रिब्यूटचे मूल्य शब्दकोश असू नये असा माझा आग्रह आहे. शब्दकोशात ‘जतनकाल’ऐवजी चुकून ‘जतनकळ’ लिहिले तर पायथन काहीच बोलत नाही, आणि रात्रीची कमांड त्या मॉडेलला मुदतच नाही असे समजून पुढे जाते. वैयक्तिक माहितीच्या बाबतीत अशी मूक चूक परवडणारी नाही. त्याऐवजी गोठवलेला डेटाक्लास लिहावा, ज्यात माहितीवर्ग एका एनमचा असेल, जतनकाल टाइमडेल्टा असेल किंवा ‘कायम’ असे स्पष्ट मूल्य असेल, आणि विभागाचे नाव मजकूर असेल. मग चुकीच्या नावाला मॉडेल्स फाइल वाचली जातानाच त्रुटी येते, आणि वस्तू गोठवलेली असल्यामुळे कोणी चालू प्रणालीत जतनकाल सहजासहजी बदलू शकत नाही. उपवर्गाला पालकाची नोंद थोड्या फरकाने हवी असेल तर डेटाक्लासेस मॉड्यूलमधले ‘रिप्लेस’ हे फंक्शन वापरावे.

पुढचा मुद्दा सक्तीचा. नवे मॉडेल लिहिणाऱ्याने नोंद दिलीच पाहिजे, हे तुमच्या प्रश्नाचे मूळ आहे. त्यासाठी अनेक जण ॲब्स्ट्रॅक्ट पायाभूत मॉडेलमध्ये ‘__इनिट_सबक्लास__’ लिहितात. ती मेथड जँगोच्या मॉडेल्सवर व्यवस्थित चालते, क्लासच्या शीर्षओळीत दिलेले जादा कीवर्डही तिच्यापर्यंत पोहोचतात, पण तिच्या वेळेकडे नीट लक्ष द्यावे लागते. पायथन तिला क्लास निर्माण होताक्षणी बोलावतो, आणि जँगो नव्या क्लासला त्याची ‘_मेटा’ त्यानंतर जोडतो. त्यामुळे त्या मेथडच्या आत ‘_मेटा’ वाचली तर जी मिळते ती ॲब्स्ट्रॅक्ट पालकाची असते, घडत असलेल्या मॉडेलची नसते. फील्ड्सही अद्याप जागेवर नसतात. हे मॉडेल स्वतः ॲब्स्ट्रॅक्ट आहे की नाही, एवढेही त्या क्षणी खात्रीने सांगता येत नाही, आणि त्याशिवाय नोंद हवीच की नको हे ठरवता येत नाही. ‘क्लास_प्रिपेअर्ड’ हा सिग्नल मॉडेल पूर्ण झाल्यावर येतो हे खरे, परंतु तो ऐकणारा कोड मॉडेल्स वाचली जाण्याआधी जोडलेला असावा लागतो, ‘रेडी’ या मेथडमध्ये जोडून उशीर झालेला असतो. शिवाय मायग्रेशन चालू असताना बनणाऱ्या ऐतिहासिक मॉडेल्ससाठीही तोच सिग्नल उमटतो, आणि त्यांच्यावर तुमची नोंद असण्याचे काही कारणच नाही.

या कामासाठी जँगोची स्वतःची तपासणी-व्यवस्था आहे आणि तिचा आपल्याकडे पुरेसा वापर होत नाही, याचे मला वाईट वाटते. ॲपच्या कॉन्फिगमधल्या ‘रेडी’मध्ये एक तपासणी-फंक्शन नोंदवावे. त्याने ॲप्सच्या रजिस्ट्रीकडून सर्व मॉडेल्स मागवावीत आणि तुमच्या ॲप्समधल्या ज्या मॉडेलला विदानोंद नाही त्याच्यासाठी स्वतःच्या क्रमांकाचा एरर परत करावा. त्या वेळी सर्व मॉडेल्स पूर्ण झालेली असतात, ‘_मेटा’ खरी असते, आणि संदेश तुमच्या शब्दांत लिहिता येतो. पायाभूत मॉडेलवर ‘चेक’ ही क्लास-मेथड नव्याने लिहूनही हे करता येते, पण ज्याने पायाभूत मॉडेलवरून वारसाच घेतला नाही तो त्यातून सुटतो, आणि नेमका तोच आपल्याला पकडायचा असतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: डब्ल्यूएसजीआयखाली (पायथनचे वेब-ॲप आणि सर्व्हर यांना जोडणारा मानक दुवा) प्रत्यक्ष सर्व्हर सुरू होताना या तपासण्या चालत नाहीत. म्हणून ‘चेक’ ही कमांड तुमच्या स्वयंचलित चाचण्यांच्या साखळीत पहिल्या पायरीला ठेवावी.

रानवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दिशा स्पष्ट झाली आहे. ‘मेटा’ला हात लावायचा नाही आणि तपासणी-व्यवस्था वापरायची, हे मी गटापुढे मांडतो आहे.

अंमलबजावणीच्या दृष्टीने तीन शंका उरतात. आमच्या प्रणालीत जँगोचे वापरकर्ता-मॉडेल आहे आणि बाहेरच्या पॅकेजेसची काही मॉडेल्स आहेत. त्यांच्यातही वैयक्तिक माहिती साठते, पण त्यांचा कोड आमचा नाही. दुसरे म्हणजे, ‘कर्जअर्ज’वरून बहुतक्ता वारशाने ‘तारणकर्जअर्ज’ केलेले आहे. त्याने पालकाची नोंद आपोआप घ्यावी की स्वतंत्र द्यावी? तिसरे, काही तक्त्यांत एकदोन स्तंभच संवेदनशील आहेत, उदाहरणार्थ सभासदाचा पॅन क्रमांक. फील्डच्या पातळीवर अशी नोंद कशी ठेवावी?

सह्यकडा (उत्तर)

पहिल्या शंकेपुरते मी लिहितो, कारण बाहेरच्या मॉडेल्सचा प्रश्न आमच्याकडेही रोजचा आहे.

दुसऱ्याच्या क्लासवर ‘रेडी’मध्ये ॲट्रिब्यूट चिकटवता येते, पायथन अडवत नाही. तरी वाचणाऱ्याला ते मूल्य कुठून आले हे त्या क्लासकडे पाहून कळत नाही, आणि माझ्या मते अशा नोंदीचे निम्मे मोल ती चटकन सापडण्यात असते. त्यामुळे बाहेरच्या मॉडेल्ससाठी वेगळी रजिस्ट्री ठेवावी. ही पद्धत जँगोच्या परिसरात रुळलेली आहे: ॲडमिनमध्ये आपण मॉडेल नोंदवतो ते असेच, जँगो-ऑडिटलॉग आणि जँगो-रिव्हर्जन ही पॅकेजेसही मॉडेल नोंदवून घेतात, आणि जँगो-मॉडेलट्रान्सलेशन प्रत्येक ॲपमधली ट्रान्सलेशन नावाची फाइल शोधून तिच्यातल्या नोंदी वाचते. तुम्हीही प्रत्येक ॲपमध्ये ठरावीक नावाची फाइल ठेवू शकता. जँगोच्या मॉड्यूल-लोडिंग साधनांत ‘ऑटोडिस्कव्हर_मॉड्यूल्स’ हे फंक्शन आहे, ते ‘रेडी’मधून बोलावले की सर्व ॲप्समधल्या त्या नावाच्या फाइल्स आयात होतात.

रजिस्ट्रीची किल्ली म्हणून क्लास न वापरता मॉडेलचे लहान अक्षरांतले लेबल वापरावे, म्हणजे ॲपचे नाव, टिंब आणि मॉडेलचे नाव. वापरकर्ता-मॉडेलचे लेबल हाताने न लिहिता ते सेटिंग्जमधून घ्यावे, म्हणजे पुढे स्वतःचे वापरकर्ता-मॉडेल आणले तरी नोंद तुटत नाही. प्रॉक्सी मॉडेल, म्हणजे दुसऱ्या मॉडेलचाच तक्ता वापरणारे मॉडेल, समोर आले तर ‘_मेटा’वरच्या ‘काँक्रीट_मॉडेल’कडे जाऊन त्याची नोंद पाहावी, कारण तक्ता एकच असतो. आणि नोंद वाचण्याचे फंक्शन एकच असावे. ते आधी रजिस्ट्री पाहील, मग क्लास-ॲट्रिब्यूट. रात्रीची कमांड, अहवाल आणि तपासणी या तिघांनीही त्याच फंक्शनकडे जावे, ॲट्रिब्यूटला कोणीही थेट हात लावू नये.

याला लागूनच एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ‘मेनीटूमेनीफील्ड’ लिहिल्यावर जँगो मधला जोडतक्ता स्वतः निर्माण करतो. त्याचे मॉडेल थेट जँगोच्या मूळ मॉडेलवरून बनते, तुमच्या पायाभूत मॉडेलवरून नाही, आणि ॲप्सच्या रजिस्ट्रीकडे मॉडेल्स मागितली तर ते मिळतही नाही. स्वयंनिर्मित मॉडेल्सही द्यावीत असे वेगळे सांगावे लागते. पतसंस्थेत कोणता सभासद कोणाला जामीन आहे ही माहिती अशा जोडतक्त्यातच असण्याची शक्यता आहे, आणि ती निश्चितच वैयक्तिक आहे. तपासणीत आणि अहवालात स्वयंनिर्मित मॉडेल्स धरावीत. अशा मॉडेलच्या ‘_मेटा’वरील ‘ऑटो_क्रिएटेड’मध्ये ज्या मॉडेलने ते निर्माण केले त्याचा संदर्भ असतो, तेव्हा त्याची नोंद लागू करणे हा वाजवी नियम ठरतो. दोन बाजूंचे जतनकाल वेगवेगळे असतील तर मात्र जोडतक्ता उघडपणे स्वतंत्र मॉडेल म्हणून लिहून त्याला स्वतःची नोंद द्यावी.

निशिगंध

दुसऱ्या शंकेचे उत्तर देते. क्लास-ॲट्रिब्यूट पायथनच्या नेहमीच्या वारसानियमाने खाली येते, म्हणून ‘तारणकर्जअर्ज’ला काही न लिहिताही ‘कर्जअर्ज’ची नोंद मिळेल. ते सोयीचे दिसते, परंतु बहुतक्ता वारशात उपमॉडेलचा तक्ता वेगळा असतो, त्यातले स्तंभ वेगळे असतात, आणि तारणाच्या कागदपत्रांचा जतनकाल साध्या अर्जाइतकाच असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून तपासणीने ‘गेटॲटर’ने विचारू नये. नोंद त्या क्लासच्या स्वतःच्या शब्दकोशात, किंवा त्याच्या ॲब्स्ट्रॅक्ट पूर्वजांपैकी एखाद्याच्या शब्दकोशात आहे का, ते पाहावे. ॲब्स्ट्रॅक्ट पूर्वजाला तक्ता नसतो, तेव्हा त्याची नोंद उपवर्गाने घेणे योग्यच आहे. तक्ता असलेल्या पालकाची घेऊ नये. प्रॉक्सी मॉडेल्सना या नियमातून सूट द्यावी.

पायाभूत क्लास कोणत्या प्रकारचा आहे, यानेही फरक पडतो. तो ॲब्स्ट्रॅक्ट मॉडेल असेल तर मायग्रेशन त्याला गाळून टाकते आणि त्याचा उल्लेख फाइलमध्ये येत नाही. तो साधा पायथन मिक्सिन असेल तर ‘क्रिएटमॉडेल’च्या पायाभूत क्लासांच्या यादीत तो लिहिला जातो, आणि मग तो क्लास त्याच ठिकाणी कायम आयात करता यावा लागतो. तुमच्यासाठी ॲब्स्ट्रॅक्ट मॉडेल बरे. याचीच दुसरी बाजू अशी की, मायग्रेशनमध्ये ‘रनपायथन’च्या आत मिळणाऱ्या ऐतिहासिक मॉडेलवर विदानोंद नसेल. तिथे जुन्या नोंदी काढायच्या असतील तर मुदतीचे मूल्य त्या मायग्रेशन फाइलमध्येच स्पष्ट लिहावे. तसेही ते योग्य आहे, कारण मायग्रेशनचे वर्तन आजच्या नोंदीवर अवलंबून बदलता कामा नये.

मुळाक्षर

फील्डच्या पातळीविषयी. फील्डचा उपवर्ग करून त्याला ‘संवेदनशील’ असा जादा कीवर्ड देण्याचा मोह होतो. तो कीवर्ड ‘डीकन्स्ट्रक्ट’मध्ये परत केला तर प्रत्येक मायग्रेशनमध्ये लिहिला जातो, आणि मूल्य बदलले की डेटाबेसमध्ये काहीच बदलत नसताना नवे मायग्रेशन निघते. परत केला नाही तर फील्डची ‘क्लोन’ने घेतलेली प्रत ते मूल्य गमावते, कारण ती प्रत ‘डीकन्स्ट्रक्ट’च्या उत्तरावरूनच बनते. दोन्ही बाबतींत त्या फील्ड-क्लासचा पत्ता जुन्या मायग्रेशनमध्ये कायमचा राहतो. जिथे स्तंभाचे वर्तनच बदलायचे आहे, जसे की मूल्य कूटबद्ध करून साठवणे, तिथे फील्डचा उपवर्ग लिहिणे योग्य. केवळ वर्णनासाठी तो लिहू नये.

त्यापेक्षा विदानोंदीच्या डेटाक्लासमध्येच ‘संवेदनशील फील्ड्स’ म्हणून नावांचा एक गोठवलेला संच ठेवावा. फील्डचे नाव बदलले आणि संचात जुनेच राहिले, ही भीती रास्त आहे. ती तपासणीनेच दूर होते: संचातील प्रत्येक नाव ‘_मेटा’च्या ‘गेट_फील्ड’ला विचारावे आणि फील्ड अस्तित्वात नसल्याचा अपवाद आला की एरर द्यावा. ‘_मेटा’चा हा वाचण्याचा भाग जँगो १.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, अधिकृत आणि दस्तऐवजीकरण केलेला आहे, तो निश्चिंतपणे वापरता येतो. ‘_मेटा’वर लिहिण्याविषयी मात्र कसलीही हमी दिलेली नाही.

तुम्ही ४.२ वर आणि पोस्टग्रेसवर आहात, म्हणून आणखी एक सुचवतो. त्याच आवृत्तीत ‘मेटा’मध्ये ‘डीबी_टेबल_कमेंट’ आणि फील्डवर ‘डीबी_कमेंट’ हे अधिकृत पर्याय आले. त्यांतला मजकूर थेट डेटाबेसमध्ये जातो, त्यामुळे जँगोला न शिवता तक्ते पाहणाऱ्या लेखापरीक्षकालाही तो दिसतो. एसक्यूलाइटवर ही सोय नाही. जतनकालाची एक ओळ तिथेही असावी असे वाटल्यास लक्षात ठेवा की, मॉडेलच्या क्लासमध्ये लिहिलेले नाव आतल्या ‘मेटा’ क्लासच्या अंगात दिसत नाही, कारण पायथनमध्ये एका क्लासच्या अंगातली नावे आतल्या क्लासला उपलब्ध नसतात. म्हणून विदानोंदीची वस्तू मॉडेलच्या वर, फाइलच्या पातळीवर तयार करावी आणि मॉडेलमध्ये व ‘मेटा’मध्ये तिचाच संदर्भ द्यावा. या पर्यायात बदल केला की मायग्रेशन निघते, आणि इथे ते निघणे योग्यच आहे, कारण डेटाबेसमधला मजकूर खरोखर बदलत असतो.

रानवाट

आता चित्र पूर्ण झाले. आम्ही पायाभूत ॲब्स्ट्रॅक्ट मॉडेल, गोठवलेला डेटाक्लास, बाहेरच्या मॉडेल्ससाठी रजिस्ट्री आणि एकच वाचन-फंक्शन असा आराखडा स्वीकारत आहोत. जोडतक्त्यांचा मुद्दा आमच्या स्प्रेडशीटमध्ये मुळातच नव्हता, तो आधी हाती घेऊ. एक शेवटचा प्रश्न: तपासणी-फंक्शनची चाचणी लिहिताना नोंद नसलेले एखादे मॉडेल मुद्दाम तयार करावे लागेल. ते खऱ्या रजिस्ट्रीत शिरून बाकीच्या चाचण्या बिघडवणार नाही ना?

निशिगंध

चाचणीच्या साधनांत ‘आयसोलेट_ॲप्स’ नावाचा डेकोरेटर आहे. त्याच्या आत घोषित केलेली मॉडेल्स एका तात्पुरत्या रजिस्ट्रीत जातात आणि चाचणी संपल्यावर मुख्य रजिस्ट्री जशीच्या तशी राहते. मात्र तुमचे तपासणी-फंक्शन मुख्य रजिस्ट्रीकडूनच मॉडेल्स मागत असेल तर त्याला ही तात्पुरती मॉडेल्स दिसणार नाहीत. म्हणून त्याचे दोन भाग करावेत: एका मॉडेलची तपासणी करून त्रुटींची यादी देणारे एक फंक्शन, आणि सर्व मॉडेल्सवर ते चालवणारे दुसरे. चाचणीत पहिल्याला नोंद नसलेले मॉडेल, ॲब्स्ट्रॅक्ट पूर्वजाची नोंद घेतलेले मॉडेल, तक्ता असलेल्या पालकाची नोंद घेऊ पाहणारे मॉडेल, प्रॉक्सी मॉडेल आणि संचात चुकीचे फील्ड-नाव असलेले मॉडेल द्यावे, आणि प्रत्येकाच्या त्रुटीचा क्रमांक तपासावा. स्वयंनिर्मित जोडतक्त्यासाठी त्या फील्डच्या ‘थ्रू’वरून मिळणारे मॉडेल त्याच फंक्शनला देता येते.